मुकादमाच्या तर्फे कोण बोलणार?

घणसोली गावात खोली शोधत फिरत होतो तेव्हा प्रत्येक घरमालकाने मला पगार किती, लग्न झालंय का आणि मित्र येऊन राहणार का, हे विचारलं. या एकाने यातलं काहीच विचारलं नाही. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून, ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते सुक्या बोंबलांची डोकी मोडून कावळ्यांना टाकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टीवी बगतस का?"

मी मान हलवली.

"बगून झाल्यावर तुजा काय मत असता का, का नुसता बगतस?"

आता या प्रश्नाला मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे अडकलो. मी लहानपणापासून बोलताना अडकतो. पहिलं अक्षर ओठांशी येऊन बसतं आणि काही केल्या बाहेर पडत नाही. अशा वेळी समोरचा माणूस एकतर माझं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळा होतो, नाहीतर मोबाइल बघायला लागतो. यांनी दोन्ही केलं नाही. हातातलं बोंबलाचं डोकं तसंच धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कावळे ओरडायला लागले तरी बघत राहिले. शेवटी माझं "असतं" एकदाचं बाहेर पडलं.

त्यांनी घरात हाक मारली, "अगो, चावी आन. यो पोऱ्या इचार करून बोलतो."

कराडजवळच्या आमच्या गावात मला 'स्टार्टर' म्हणत, थंडीत सकाळी लवकर चालू न होणाऱ्या ट्रॅक्टरवरून. त्यामानाने घरमालकांचं हे निदान साफ चुकीचं होतं, पण इतकं उदार निदान माझ्या वाट्याला त्याआधी आलं नव्हतं. मी त्याच दिवशी बॅग घेऊन आलो.

आम्ही सगळे भाडेकरू त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकी. खाली ते दोघं राहायचे, वरच्या मजल्यांवर आम्ही. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांची फोडणी आधी आमच्या खोलीत पोचायची. गच्चीवर गेलं की गावाला खेटून उभे असलेले नवे टॉवर दिसायचे. त्यांच्याकडे हात करून दादा सांगायचे, "तिथं आमचा भात पिकाचा. आता भाडोत्री पिकतात." हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नसायचं. उलट भाताने कधी मत दिलं नव्हतं, भाडोत्री तरी देतात, असा त्यांचा एकंदर सूर असायचा.

मत हे दादांचं व्यसन होतं. वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदे घ्यायला गेले की व्यापाऱ्याला भाव विचारायच्या आधी गोणी उचलणाऱ्याला विचारायचे, "तू घरी कंचा नेतस?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की केमिस्टचं मत, मग रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईचं मत. काकींनी एकदा भेंडीची भाजी केली, ती चिकट झाली, त्यावर आम्हा सगळ्यांची मतं घेतली गेली. काकींनी त्यानंतर बरेच दिवस भेंडी आणली नाही आणि दादांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

याचं मूळ होतं गावकीत. दादांचे वडील पंच होते. भांडण बांधाचं असो, लग्नातल्या मानपानाचं असो, देवळाच्या मांडवात सगळे बसायचे, दोन्ही बाजू ऐकल्या जायच्या आणि मग निवाडा व्हायचा. दादा लहानपणी खांबाआड बसून हे सगळं ऐकायचे. आपण मोठे झालो की आपणही त्या जागी बसायचं, हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं होतं. पण ते मोठे होईपर्यंत जमिनी गेल्या, प्लॉट आले, लोक वकिलाकडे जायला लागले आणि मांडवात डीजे लागायला लागला. दादांची पाळी आलीच नाही. मग त्यांनी गावकी घरात भरवली, आणि भांडायला कुणी मिळेना म्हणून टीव्हीवरची भांडणं निवाड्याला घेतली.

दर रविवारी जेवणं झाली की आम्ही सगळे खालच्या खोलीत जमायचो. सक्ती नव्हती, पण जो यायचा नाही त्याच्या खोलीचा नळ सोमवारी जरा बारीक यायचा, अशी आमची समजूत होती. एक भाग बघायचा, टीव्ही बंद करायचा आणि मत द्यायचं. नियम वडिलांच्या वेळचे. घरात सगळ्यात शेवटी आलेल्याने आधी बोलायचं, म्हणजे तो मोठ्यांची री ओढणार नाही. एकाचं चाललेलं असताना दुसऱ्याने ब्र काढायचा नाही. आणि जो हजर नाही, त्याच्या तर्फे कुणीतरी बोललंच पाहिजे.

सगळ्यात शेवटी आलेला मी.

पहिल्या रविवारी मी मत मोबाइलवर टाइप केलं आणि शेजारच्या खोलीतल्या नर्सताईंना वाचायला दिलं. दादांनी मोबाइल परत माझ्या हातात ठेवला. "फोनचा मत फोनला सांग. आमाला तुजा पायजे." मला सांगायचं होतं की मारामारी चांगली होती. पण 'म'शी माझं जन्माचं वैर, 'मी' तेवढा निसटतो. अडलो की मी सोप्या शब्दाकडे वळतो. हॉटेलात मला मिसळ खायची असते आणि मी वडा खाऊन येतो. तसंच इथे झालं. 'मारामारी' सोडून दिली आणि म्हणालो, "आवाज चांगला होता."

दुसऱ्या कुठल्या खोलीत याच्यावर हशा पिकला असता. दादा गंभीर झाले. "आवाज! बगा, यो कोनी धरला नाय." त्यांनी तो भाग पुन्हा लावायला लावला आणि सगळ्यांना डोळे मिटून ऐकायला बसवलं. आवाज खरोखरच चांगला होता.

ती मालिका माझ्यामुळेच त्या घरात आली होती. महापेच्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. मोबाइलवर सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या एका अ‍ॅपचं गिऱ्हाईक सांभाळण्याचं काम आमच्याकडे होतं. लोक तक्रारी लिहायचे, मतं लिहायचे, आम्ही टाइप करून उत्तरं द्यायचो. दिवसभर तोंड न उघडता करता येण्यासारखं काम, म्हणून तर मी ते धरलं होतं. नोकरीबरोबर अ‍ॅप फुकट मिळालं होतं, ते मी दादांच्या टीव्हीला जोडून दिलं. त्यात त्यांना ही मालिका सापडली.

एका बंदरावरच्या शहरातली गुन्हेगारी, आणि त्यात वाढणारा एक मुलगा, जो पुढे म्हणे फार मोठा सुपरहीरो होणार आहे. त्याला लांबलांबचं ऐकू येतं. भिंतीपलीकडचं कुजबुजणं, तीन गल्ल्या सोडून कुणी मारलेली किंकाळी, सगळं. मालिका परदेशी, बोलणं हिंदीत बसवलेलं. नावं इंग्रजी होती ती दादांनी पहिल्याच दिवशी रद्द केली. तो मुलगा झाला 'आपला पोऱ्या', गोदीचा मालक झाला 'शेट', आणि इन्स्पेक्टर पडद्यावर आला की दादा खुर्चीत सावरून बसायचे, "सायेब आले." पोऱ्या हीरो होईपर्यंतची गोष्ट असल्यामुळे भागांमागून भाग गेले तरी तो तोंडावर मुखवटा काही चढवेना. दादा वैतागायचे, "अजून तोंड उघडाच. वलखतील ना याला!"

मतं ऐकण्यासारखी असायची. काकींचं मत नेहमी घराबद्दल. "येवडा मोठा वाडा शेटचा, पन भांडी घासताना कोन दिसत नाय." आमच्यातले रिक्षावाले भैया जौनपूरचे, ते इन्स्पेक्टरवर खूश असायचे. "हमको तो साहब पसंद है. चालान नहीं काटता." नर्सताई लातूरच्या. त्यांना रक्त खोटं दिसायचं. "एवढ्या जखमेला एवढं रक्त? आणि हा उठून पळतोय बघा कसा!" सगळ्यांचं झालं की दादा बराच वेळ गुडघा चोळत बसायचे आणि मग निवाडा द्यायचे. तो मी कंपनीला कळवायचा, असा हुकूम होता. मी तिथल्या तिथे अ‍ॅपवर टाइप करायचो आणि लगेच उत्तर यायचं, 'आपल्या मताबद्दल धन्यवाद.' रविवारी ते उत्तर मशीन देतं हे सांगायचा मला धीर झाला नाही. दादा दर वेळी तितकेच खूश व्हायचे. "बगा, ऐतवारी पन मानूस बसवलाय त्यांनी."

आणि मग तो भाग आला, ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे.

पोऱ्याचा बाप गोदीत कामाला होता. चोरीच्या आळावरून तो तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती गोदीच्या मुकादमाने. या भागात पोऱ्याला तो मुकादम सापडतो, म्हातारा झालेला, धक्क्याच्या टोकाला एकटा. पोऱ्या त्याची कॉलर धरतो. मुकादम थरथरत बोलायला लागतो, "उस दिन... मैं... वो..." एवढ्यात पोऱ्या त्याला पाण्यात ढकलून देतो. मोठं संगीत वाजतं आणि भाग संपतो.

हा भाग शुक्रवारी आला होता. शनिवारभर माझ्या स्क्रीनवर लोकांच्या मतांचा पूर होता. एकच नंबर. अंगावर काटा आला. आता आला खरा हीरो. कुणी आगीची चित्रं पाठवली, कुणी टाळ्यांची. एकाची तक्रार होती, पण ती जाहिराती फार येतात अशी. हजारो माणसांनी तो भाग पाहिला, आणि मुकादम काय सांगत होता हे मी वाचलेल्या मतांत एकानेही विचारलं नव्हतं. मी प्रत्येकाला धन्यवाद टाइप करत होतो.

रविवारी खालच्या खोलीतही तेच. मधल्या काळात माझ्यानंतर कुणी भाडेकरू आला नव्हता, तरी त्या दिवशी मी आधी बोलणं टाळलं, शेवटी बोलतो अशी खूण केली आणि दादांनी सूट दिली. भैया म्हणाले, "बहुत बढ़िया किया." नर्सताई म्हणाल्या, "बापाचा बदला आहे, बरोबरच केलं." काकीसुद्धा म्हणाल्या, "मेला खोटा साक्षी, गेला ता बरा झाला."

दादांनी सगळ्यांकडे बघितलं. "मुकादम हितं नाय. मुकादमाच्या तर्फे कोन बोलनार?"

मी हात वर केला.

मला सुरुवातच 'मुकादम' या शब्दाने करायची होती. सोपा शब्द शोधायची सवय जिभेला होती, 'म्हातारा' मनात आला, तोही 'म'चाच. मग मी पळणं सोडलं आणि त्या 'म'पाशी उभा राहिलो. खोलीत पंखा फिरत होता. आत रात्रीच्या मटणाच्या कुकरची शिट्टी होईल म्हणून काकी उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि परत पाय दुमडून बसल्या. भैयांच्या ओठांवर माझा शब्द आलेला मला दिसत होता. दादांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांनी तो गिळला. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी मला हसून धीर देण्याचा आगाऊपणा केला नाही. ते नुसते ऐकत होते, माझा आवाज येत नव्हता तेव्हासुद्धा.

मी म्हणालो, "मुकादम काहीतरी सांगत होता. तो अडकला. त्याला थोडा वेळ दिला असता तर त्याने सांगितलं असतं."

एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य मी जसं मनात धरलं होतं तसंच्या तसं बाहेर आलं होतं, एकही शब्द न बदलता. मला रडू येत होतं, आणि मटणाचा वासही येत होता, आणि दोन्ही एकदम फार बरं वाटत होतं.

दादांनी गुडघा चोळला. "अख्ख्या शेहराचा आयकू येतो याला," ते म्हणाले, "आन समोर उबा हाय त्याचा आयकला नाय. पोऱ्या चुकला."

"दादा, हीरो है वो!" भैया कळवळले.

"असंल त्याचे घरी."

निवाडा मी कंपनीला कळवला. धन्यवाद आले. पुढच्या भागात मुकादमाबद्दल काहीतरी निघेल म्हणून दादा वाट बघत राहिले. त्याच्या पुढच्याही भागात काही नाही. मालिकावाले त्याला साफ विसरले होते. दादा दर रविवारी नवा निवाडा द्यायच्या आधी जुनी चौकशी लिहायला लावायचे, मुकादमाचा काय झाला ता कलवा.

मुकादमाचं काही झालं नाही, माझं मात्र झालं. कंपनीने चॅट बंद करायचं ठरवलं. टाइप करून उत्तरं द्यायचं काम आता मशीनच करणार होतं. मराठी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी फोनची नवी लाइन निघत होती, त्यावर बसायचं असेल त्यांनी आमच्या टीमच्या मॅडमना सांगायचं, बाकीच्यांचा हा शेवटचा महिना. मी मॅडमना काही सांगितलं नाही. फोनवर माझ्यासारख्याने काय करायचं? त्या रात्री घरी कळवलं की परत येतोय, आणि सकाळी दादांना जाऊन सांगितलं की खोली सोडतो.

दादा म्हणाले, "असा नाय सोडता येत. ऐतवारी इषय घेऊ."

त्या रविवारी टीव्ही लागलाच नाही. मी मध्ये बसलो होतो आणि माझ्यावर मतं चालली होती, एखाद्या भागावर चालावीत तशी. रागही येत होता आणि उठून जाववतही नव्हतं.

नर्सताई म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात पेशंटला दम लागतो, तो एक शब्द बोलतो आणि थांबतो. आम्ही थांबतोच की. फोनवरचा माणूस का नाही थांबणार?"

भैया म्हणाले, "नहीं रुकेगा. बुरा मत मानना भाई, लेकिन सवारी दो मिनट नहीं रुकती. फोन काट देगा." ते खरं बोलत होते आणि मला ते त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.

"कंपनीची मॅडम हितं नाय," दादा म्हणाले. "तिच्या तर्फे?"

काकी बोलल्या. "तिला पन वरशी कोन बोलत असंल. तिला काय ठावं याला बोलाचा हाय का नाय? यानी सांगितलाच नाय."

मग दादा माझ्याकडे वळले. "तुला काय पायजे?"

मला वाटलं होतं की मी म्हणेन, गावी जायचंय. तोंडातून निघालं ते दुसरंच आणि निघायला फार वेळ लागला. "मला फोन घ्यायचेत."

शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची वेळ आली की मी खोकायचो. लग्नकार्यात कुणी नाव विचारेल म्हणून वाढप्यांत शिरायचो. फोन वाजला की धाकट्या बहिणीला द्यायचो. आणि हे सगळं टाळता टाळता मला बोलायचं होतं, अनोळखी माणसांशी, दिवसभर.

दादांनी निवाडा दिला. "तू जायाचा आन मॅडमला सांगाचा, मी अडकतो, मना येल लागतो, पन मना फोन घ्यायाचे हाय. 'नाय' बोलाचा तर ती बोलंल. तिच्या आदी आपन कनाला 'नाय' बोलाचा?"

मी गेलो आणि सांगितलं. मॅडमना सगळं ऐकून घ्यायला त्यांचा चहा निवेपर्यंत थांबावं लागलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, एक आठवडा बघू. पण फोन उचलल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे आणि त्यात स्वतःचं नाव सांगावंच लागेल, ते बदलता येणार नाही. लोकांनी फोन ठेवले तर मग माझ्याही हातात काही नाही, असंही त्या म्हणाल्या.

नाव. माझं नाव 'म'ने सुरू होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

दादा काही साधुसंत नव्हते. पाण्याच्या मोटरवरून शेजाऱ्याशी ते असे भांडायचे की गल्ली थांबायची, आणि तिथे दुसरी बाजू ऐकून घेण्याचा नियम त्यांना कधी आठवायचा नाही. माझ्या अडकण्याबद्दल ते मला एकदाही धीराचं काही बोलले नाहीत, उपाय सुचवला नाही, कुठल्या डॉक्टरचं नाव दिलं नाही. आता मी उलव्याला राहतो, घरी बायको आहे, दीड वर्षाची मुलगी आहे, आणि तिला झोपवताना गोष्ट सांगतो, अडकत अडकत का होईना, पूर्ण सांगतो. त्यातलं बरंच काही मी घणसोलीच्या त्या खोलीतून उचलून आणलेलं आहे. दादांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते फेडायची मला अजिबात घाई नाही.

फोनच्या पहिल्या दिवशी मराठी लाइनवर आम्ही चौघंच होतो. हेडफोन लावला. पहिला फोन आला. "नमस्कार, मी..." आणि मी नावापाशी अडकलो. पलीकडचे गृहस्थ "हॅलो, हॅलो, रेंज नाय वाटतं" म्हणाले आणि गेले. दुसरी एक बाई होती. तिने जरा वाट बघितली, मग तीही गेली. तिसऱ्याने शिवी दिली. काचेपलीकडून मॅडम बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली ते मला दिसलं.

माझ्या शेजारच्या मुलीकडे मात्र भलतंच चाललं होतं. ती माइकवर हात ठेवून म्हणाली, "अरे, हा मुकादम कोण आहे? सकाळपासून तिसरा फोन, सगळे घणसोलीहून. मी नाव सांगितलं की त्याचं काय झालं विचारतात, मग म्हणतात, तुम्ही नको, आणि फोन ठेवतात." पलीकडचा मुलगा म्हणाला, "मला पण आला. एक भैया होता, मराठीत बोलायचा ट्राय करत होता बिचारा. मागे रिक्षाचा आवाज." तिसरीला एका नर्सचा आला होता. मॅडम बाहेर आल्या आणि विचारायला लागल्या की घणसोलीत आज काय झालंय.

मला कळलं. आमच्या कंपनीत फोन केला की तो मीच उचलणार, अशी त्या सगळ्यांची समजूत होती. मी उचलेना, तेव्हा ते मी सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत होते, आपापली कामं सांभाळून, रिक्षातून, वॉर्डातून. हसावं की काय करावं ते मला समजेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला.

सुट्टीनंतर बसलो. फोन आला.

"नमस्कार, मी..."

आणि पुन्हा तेच. ओठ मिटले ते उघडेनात. पलीकडे कुणी हॅलो म्हणालं नाही. शिवी आली नाही. फोन कटला असेल म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं, तर चालू होता. कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी सावकाश, जणू त्या माणसाला आज दुसरं कामच नाही. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी डोळे मिटले आणि त्या 'म'पाशी उभा राहिलो, आणि तो सुटला. माझं नाव मी सांगितलं. पुढचं सगळं वाक्य सांगितलं. "आपली काय मदत करू शकतो?"

"काय नको," दादा म्हणाले. ओळख दिली नाही, माझ्यावर कुणी रागावेल असं वाटलं असावं. "मना फकस्त कोन बोलतो ता आयकाचा व्हता. आयकला."

मला खूप काही सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"ता घरी ये मंग सांग," ते हळूच म्हणाले. "आता ठेव. लायनीवर दुसरा कोन उबा असंल, त्याचा घे."

त्यांनी फोन ठेवला. लगेच पुढचा आला. मी तो घेतला आणि माझं नाव सांगायला लागलो.